नानांचा गुरुत्वमध्य

नाना मंगळवारी वारले. ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या खेपेला ते अंगणात, फळीवर, माझ्या सूचनेवरून वारले होते.

ते दुष्काळाचं साल. मी नगरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात होतो. (मी! गावच्या पोरांनी मला कबड्डीत घेतलं ते फक्त रेषा आखायला!) मैदानावर माझं काही खरं नव्हतं, म्हणून मी पुस्तकाच्या बाजूनं पुढे सरकत होतो. माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जणू ज्या एका बिंदूत एकवटलं आहे तो बिंदू, प्रयोगानं काढून न्यायचा होता. लांब फळी घ्यायची. एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर. वर माणूस आडवा झोपवायचा आणि काट्यावर भार किती वाढतो ते पाहायचं. उरलेलं गणित.

माणूस म्हणून मी वडिलांना निवडलं. कर्जतजवळच्या आमच्या गावी रानं रिकामी पडली होती आणि नाना दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या घराकडे बघत. ते घर भिकातात्यांचं, नानांच्या चुलतभावाचं. तात्यांनी मधला बांध कोरून आमच्या रानात सरकवला, असं नानांचं म्हणणं. तात्या देवळात शपथ घ्यायला तयार. दोघांचं बोलणं बंद होतं. नानांना जमीन नको होती. "त्यानं एकदा तोंडानं कबूल करावं, बास," एवढंच ते म्हणत.

सोसायटीच्या गोदामातला काटा मी मागून आणला.

"दुखंल का काई?" नानांनी विचारलं.

"नाही. फक्त हलायचं नाही, बोलायचं नाही. श्वाससुद्धा हळू. मी 'झालं' म्हणेपर्यंत."

"म्हंजी तुझ्या आईम्होरं बसतो तसंच की!"

नाना आडवे झाले. ऊन लागत होतं, म्हणून फळी सावलीत फिरवली. त्यांचे पाय दक्षिणेला आले. पावलं बाहेरच्या बाजूला कलत होती, म्हणून पायाचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधले. माश्या बसल्या की ते चुळबुळत, म्हणून धुतलेलं धोतर डोक्यावरून पांघरलं. मग मागे सरून पाहिलं. मांडणी निर्दोष होती. (एवढं शिकलेल्या माणसाला दुसरं काही म्हणजे काही दिसलं नाही!)

मी पेन्सिल आणायला आत गेलो. तेवढ्यात शेजारच्या सोनामावशी कुंपणावरून डोकावल्या.

"आगं बया! नाना गेलं की वं!"

पेन्सिल सापडेपर्यंत अंगण भरलं होतं.

"अहो, हा प्रयोग आहे!" मी म्हणालो. माझा आवाज मुळातच लहान.

"पोराच्या डोक्यावर परिनाम झालाय," कुणीतरी म्हणालं. "धरा रं त्याला!" दोघांनी मला धरून ओट्यावर बसवलं आणि पाणी पाजलं. मी बोलायला तोंड उघडलं की ते पुन्हा पाणी पाजत.

"लई गुनाचा मानूस हुता," सोनामावशी रडत होत्या. नाना निश्चल. श्वाससुद्धा हळू.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भिकातात्या आत आले. आमच्या अंगणात! क्षणभर ते उभे राहिले आणि मग त्यांनी फळीवर अंग टाकलं.

"नाना, न बोलताच गेलास व्हय रं! मीच कोरला हुता बांध! मीच!"

काट्याचा काटा पार टोकाला गेला. धोतराखालून आवाज आला, "किती?"



"हातभर," तात्या हुंदक्यातच म्हणाले.

"खरं सांग."

"दीड!" आणि मग तात्यांच्या ध्यानात आलं. "आरं मुडद्या! जित्ता हाईस?"

"पोरगं 'झालं' म्हनलं न्हाई अजून!"

नाना तिरीमिरीत उठायला गेले. अंगठे बांधलेले! फळी, नाना, तात्या आणि सोसायटीचा काटा एकदमच आडवे झाले. तेवढ्यात पाणी घेऊन आई आली. तिनं घागर उतरवली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मड्याला काट्यावर कुनी घालतं का? एवढं तरी बघायचं रडायच्या आदी!" मग तिनं बिनदुधाचा चहा टाकला. तात्या आमच्या ओट्यावर बसून तो प्याले.

पुढं रोजच पीत गेले. बांध मागे सरकवावा असं नानांनी कधी म्हटलं नाही, आणि तात्यांनीही सुचवलं नाही. मी शिक्षक झालो, गुरुत्वमध्य किती मुलांना शिकवला. पण नानांचा काही निघाला नाही. ते पुन्हा फळीवर झोपायला कबूल झाले नाहीत.

मंगळवारी तात्या आले तेव्हा रडले नाहीत. बराच वेळ नानांवर पांघरलेल्या धोतराकडे टक लावून बसले. शेवटी मीच त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "तात्या, खरंच."

अजून ते रोज येऊन ओट्यावर बसतात. आता समोर मी असतो. मला शेतीतलं काही कळत नाही, त्यांना ऐकू येत नाही. बोलणं मात्र चालू आहे.