घरातल्या शाळेचा भत्ता

ओमानमधल्या रुस्ताकच्या आमच्या सरकारी ऑफिसात भत्त्यांचं काम बघणारे एक गृहस्थ होते, मूळचे रत्नागिरीकडचे. समोरच्याचं वाक्य ते कधी पुरं होऊ देत नसत. "खलास, समजलं," असं तिथल्या अरबी ढंगात म्हणायचे, आणि खरंच समजलेलं असायचं.

माझी मुलगी अकरावीला घरूनच, इंटरनेटवर शिकत होती. अशा मुलीला शिक्षणभत्ता मिळतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिळाला नसता, तर तिला पुण्याला होस्टेलवर पाठवावं लागलं असतं.

"घरी येऊन बघतो, मग सांगतो," ते म्हणाले.

मी मुलीला युनिफॉर्म घालायला लावला, स्वतः टाय बांधला आणि नियमांवर भाषण पाठ केलं. ते आले, चपला काढून तिच्या मागे बसले. कॉम्प्युटरमधून बाईंचा आवाज येताच उठून उभे राहिले, ते तास संपेपर्यंत. मग मलाही टायसकट उभं राहावं लागलं.

तास संपल्यावर मी भाषण सुरू केलं.

"खलास, साहेब. शाळाच आहे ही. मी तसं लिहितो." आणि भत्ता पुढे मिळालाही.

पण त्या दिवशी दारात ते थबकले. "माझी लेक दहावी करून गावी घरात बसलीय. कॉलेज लांब पडतं. तिला जमेल काय हे?"

मी तिकडच्या विजेच्या आणि फोनच्या अडचणी समजावू लागलो. माझी मुलगी अडखळत म्हणाली, "अंकल, जमेल. मी तिला हेल्प करते."

ते मला वळसा घालून पुन्हा आत आले आणि तिच्या शेजारी बसले. "सांग बाय, पहिलं काय करायचं?"