बारीक केली की विझणारी शेगडी

लग्न होऊन मी शेळगावला आले तेव्हा आमच्याकडे गॅस म्हटलं की लोकांना वरातीत डोक्यावरून नेतात ती गॅसबत्ती आठवायची. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र पुण्याच्या एका शेती प्रदर्शनात शेणापासून गॅस करायची टाकी दिसली आणि ती त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी गोठ्यामागे विहिरीसारखा खड्डा खणून विटांनी बांधून घेतला. बारामतीच्या लोहाराकडून मोठी लोखंडी टाकी करून आणली आणि खड्ड्यातल्या कालवलेल्या शेणावर पालथी घातली. शेण कुजून गॅस झाला की टाकी हळूहळू वर यायची. तिथून नळी निघून अंगणावरून स्वयंपाकघरात, बिडाच्या दोन तोंडांच्या शेगडीला यायची.

पहिल्यांदा ती पेटली तेव्हा निम्मा गाव बघायला आला. निळा जाळ आणि धूर मुळीच नाही. बायका डोळ्यांना पदर लावायच्या सवयीनं पदर लावत होत्या आणि हसत होत्या. मीही हसले. माझी मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. भाकरी करता करता हलवता यावी म्हणून तिची झोळी स्वयंपाकघरातल्याच आढ्याला बांधलेली असे.

भीती नंतर सुरू झाली. शेगडी मोठ्या आचेवर असली की छान चालायची, पण दूध तापवायला किंवा भात मुरायला बारीक केली की विझायची. आवाज न करता विझायची. दिवसाउजेडी तो निळा जाळ एरवीही नीट दिसत नसे, त्यामुळे ती पेटलीय की विझलीय हेच कळायचं नाही. वासानं ओळखावं तर सकाळपासून माझे हात शेणातच असायचे. मी मिनिटामिनिटाला वाकून बघायची. पातेल्यातलं दूध स्थिर दिसलं की आधी कॉक, म्हणजे गॅसची चावी, बंद करायची.

त्या दिवशी सकाळी मी दूध बारीक आचेवर ठेवलं आणि आडावर पाणी आणायला गेले. तिथं दोर अडकला, म्हणून वेळ लागला. सासूबाई मळ्यात होत्या. मी हंडा घेऊन दारात आले तर मामंजी शेगडीपुढे उकिडवे बसलेले. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारा माणूस, दारातून पातेल्यातलं दूध स्थिर बघून आत आला होता. त्यांच्या एका हातात काड्यापेटी होती, दुसऱ्यात काडी. खिडकी बंद होती. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर माझी मुलगी झोळीत झोपली होती.

आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर सासूबाईंकडून. मी त्यांच्यासमोर तोवर एक शब्द काढलेला नव्हता.

"मामंजी, काडी वढू नगा."

ते थांबले. काडी पेटीला टेकलेली तशीच राहिली. मी हंडा टाकला, शेगडीचा कॉक बंद केला, झोळीतून पोरीला उचललं आणि गोठ्याच्याही पलीकडे, पार बांधापर्यंत पळत गेले. मागं वळून बघायची हिंमत होईना. आत्ता आवाज होईल, आत्ता होईल, असं वाटत राहिलं. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळानं मान वळवली तर मामंजी खिडकी, दार सताड उघडून अंगणात येऊन बसले होते. तेव्हा मी परत आले.

"मला वाटलं आत्ताच इझली आसंल," ते म्हणाले. मी पदर सावरून, खाली बघत सांगितलं की मी बराच वेळ आडावर होते.

दुपारी सासूबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी ती शेगडी उकिरड्यावर टाका म्हणून सांगितलं. मामंजींनी वाद घातला नाही. शेगडी टाकली तरी टाकी भरलेलीच राहणार, म्हणून आधी कारण शोधू, एवढंच ते म्हणाले. मग पोरीला सासूबाईंकडे देऊन आम्ही दोघं शोधायला लागलो. आधी ते सासूबाईंकडून विचारायचे, मग सरळ मलाच विचारू लागले.

टाकीवर दगड ठेवून गॅसचा जोर वाढवला. मोठा जाळ फुसफुसायला लागला, पण बारीक केला की गेलाच. शेगडीची भोकं दाभणानं साफ केली, तरी तेच. दर वेळी काडी ओढायची पाळी आली की मी दारापर्यंत मागं सरायची.

शेगडी इझायच्या आधी काय करती, त्यांनी विचारलं. मला ते चांगलंच माहीत होतं. उचकी लागल्यागत करती, मोठी-बारीक, मोठी-बारीक, मग जाती, असं मी सांगितलं. त्यांनी नळीला कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. आत गुडगुड वाजत होतं. नळीच्या कडेनं आम्ही अंगणात आलो. गोठ्याजवळ म्हशीनं अंग घासून नळीखालची आधाराची मेढ कलती केली होती. तिथं नळीला झोळ पडला होता. मामंजींनी टाकीजवळचा कॉक बंद केला आणि तिथला सांधा सोडला. तांब्याभर काळं, घाण वासाचं पाणी बाहेर आलं. गॅसाबरोबरची वाफ थंड होऊन तिचं पाणी तिथं साठत होतं आणि बारीक आचेच्या थोड्या गॅसला वाटच राहत नव्हती.

सांधा जोडून पुन्हा पेटवली आणि बारीक केली. जाळ करंगळीच्या नखाएवढा झाला आणि तसाच राहिला. आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. बसल्या बसल्या मामंजी म्हणाले, "मला टाकी बांधल्यापासनं भ्या वाटतंया. सांगितलं आसतं तर तुमी कुणी हात लावला नसता."

मला राग आला नाही. भीतीच वाढली. तोवर मला वाटायचं, घरात निदान एका माणसाला तरी ही वस्तू पुरती कळलेली आहे.

मेढ नवी रोवली, नळीला टाकीकडे उतार दिला, झोळी सोप्यात हलवली. आठवड्यातून एकदा मामंजी सांधा सोडून उरलंसुरलं पाणी काढायचे. मी आच बारीक केली की तिच्यावर तळहात धरून ऊब लागते का बघायची. शेगडी पुन्हा तशी विझली नाही, पण मी थंडीतसुद्धा दार लावून स्वयंपाक केला नाही.

काही वर्षांनी टाकी गंजून भोकं पडली. नवी करायची का, असं मामंजींनी आम्हा दोघींना विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या. माझ्या डोळ्यांसमोर चुलीचा धूर आला आणि मी हो म्हणाले. म्हणता म्हणता मी स्वयंपाकघराचं दार उघडं आहे ना ते बघितलं.