तळ्यापलीकडचं फाटक

गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणाचं दुकान होतं. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायची. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. आईवडील लवकर गेले, तेव्हा पाठचा भाऊ शाळेत होता. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं. भाऊ प्लंबर झाला, पण लग्न त्यानंही केलं नाही. कुणी विषय काढलाच, तर म्हणायचा, "ताईचा ओरडा खाऊनच पोट भरतं माझं."

कुत्रा त्यानंच आणला. लठ्ठ आणि आळशी, म्हणून नाव ठेवलं बोका. ताईला कुत्र्यांचं वावडं. "घरात तो तरी राहील नाही तर मी," तिनं बजावलं होतं. राहिले तिघंही. रोज सकाळी भाऊ बोक्याला घेऊन गावाबाहेरच्या तळ्याला फेरी मारायचा आणि हटकून उशिरा परतायचा.

"तळं मोठं आहे गं," तो सांगायचा.

त्या हिवाळ्यात एका गच्चीवर पाण्याची टाकी दुरुस्त करताना त्याच्या छातीत कळ आली. खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

ताई रडली नाही. लोकांचे कपडे वेळेवर शिवून दिले. बोका मात्र उंबऱ्याशी पडून राही, धड खाईना. शेवटी एका सकाळी तिनंच पट्टा उचलला. "चल बाबा. फिटू दे तुझी हौस."

इतक्या वर्षांत ती तळ्यावर कधी गेलीच नव्हती. पाण्यात टेकडी उलटी उतरली होती. लव्हाळ्यांतून पाणकोंबड्या इकडून तिकडे पळत होत्या. बांधावरच्या गवतानं तिच्या चपला भिजून गेल्या. आळशी म्हणून हिणवलेल्या त्या कुत्र्यामागे तिची पुरती दमछाक झाली.

पलीकडच्या काठाला एक रोपवाटिका होती. बोका पट्ट्याला हिसका देऊन थेट फाटकातून आत घुसला. एक बाई पाठमोरी बसून कुंड्यांत माती भरत होती. मागे न बघताच म्हणाली, "आलात एकदाचे! रुसला होतात की काय?"

मग ती वळली. ताईला बघून उभी राहिली.

"तुम्ही ताई ना?"

"मला ओळखता तुम्ही?"

"रोज तुमच्याच तर गोष्टी ऐकते. बरं नाही का त्यांना? यावंसं फार वाटलं. पण कोण म्हणून येणार?"

पायरीवर पाण्यानं भरलेली वाटी होती. बोका तिथं जाऊन लपालपा पाणी पिऊ लागला.

"तो गेला," ताई म्हणाली. "महिना होत आला."

बाई मातीच्या गोणीवर बसली. तिनं विचारलं, "त्रास झाला का हो त्यांना?"

"नाही. लगेच गेला." ताईनं वाटीतल्या पाण्याकडे पाहिलं. "मला कधी सांगितलं नाही त्यानं."

"ताईला एकटं पाडून कसा येऊ, म्हणायचे. मीही कधी हट्ट धरला नाही."

"वेडा कुठला! सांगितलं असतं, तर मी काय खाल्लं असतं त्याला?" ताई म्हणाली. एवढे दिवस अडवून धरलेलं रडू तिथं, परक्या अंगणात, बाहेर पडलं. बाईनं मातीच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. दोघी खूप रडल्या.

निघताना ताईनं पट्टा ओढला, तर बोका बाईच्या पायाशी बसलेला. उठेना. ओढत नेता आला असता. पण ताई वाकली आणि गळ्यातला पट्टा सोडला.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "माझ्याकडे त्याचे शर्ट आहेत, हत्यारं आहेत. तुमच्याकडे काहीच नाही."

बाईनं बोक्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या संध्याकाळी घर ताईला खायला उठलं. भाकरीचा तुकडा मोडून ती सवयीनं उंबऱ्याकडे वळली आणि तिथंच थबकली. दुसऱ्या दिवशी गणवेश न्यायला आलेल्या गिऱ्हाईकानं विचारलं, "ताई, कुत्रा दिसत नाही?"

"त्याच्या घरी गेला," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला खिडकीच्या उजेडात सरकली.