रुबिनाच्या राखणीला शिवगंगा

शिकलीसवरलेली बाई लांडग्याची विष्ठा चिमट्यानं उचलून कागदी पाकिटात का भरते, आणि वर तारीख का घालते, हे शिवगंगाला पहिल्या दिवशी काही केल्या कळेना.

शिवगंगा बेंबळीची. उंच, हाडापेरानं दणकट. आधी होमगार्ड होती, मग सोलापूरच्या एका एजन्सीत सुरक्षारक्षक झाली. लग्नाचे मांडव, सभा, दवाखान्यांची दारं, सगळीकडं उभं राहून तिनं नऊ वर्षं काढली. तिला स्थळं आली, ती तिनं परतवली. आई रुद्रम्मानं दोनदा कारण विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. शिवगंगाला कारण ठाऊक होतं. जिवाभावाच्या मैत्रिणीच्या हळदीत ते तिला पुरतं उमगलं होतं. बोलून दाखवावं असं मात्र कुणी भेटलं नव्हतं.

रुबिना नळदुर्गची. माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करायची. तिनं झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघे. एकात लांडग्याऐवजी दोन माणसं आली, मारलेलं काळवीट जीपमध्ये टाकताना. रुबिनानं फोटो वनखात्याला दिला आणि तिला फोनवर धमक्या सुरू झाल्या. कोर्टातल्या साक्षीला बारा दिवस होते. तिची संस्था म्हणाली, तोवर घरी बसा. ती म्हणाली, लांडग्यांची पिल्लं बिळात असताना मी घरी बसत नसते. शेवटी संस्थेनं शिवगंगाला तिच्याबरोबर धाडलं.

"यातनं काय कळतं, मॅडम?" तिसऱ्या दिवशी शिवगंगानं विचारलंच.

"काय खाल्लं ते. हे केस बघा. लोक म्हणतात शेळीचे. सशाचे आहेत."

मग शिवगंगाला विचारायचा नादच लागला. लांडगा पाणी कुठं पितो? पिल्लांना कोण राखतं? रुबिना सांगताना हातवारे करायची, ओढणी घसरायची, आणि शिवगंगा नजर मुद्दाम लांब टेकडीवर ठेवायची.

सातव्या दिवशी भाकरी खाता खाता तिनं विचारलं, "दोन माद्या एका ठिकाणी ऱ्हातात का वो?"

रुबिनानं घास थांबवला. "राहतात कधी कधी. का?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी त्या ओढ्याच्या वाळूतून निघाल्या. तिथं कालचीच त्यांची पावलं उमटलेली होती. शिवगंगा खाली बसली. दोघींच्या पावलांवर तिसरं पाऊल होतं, बुटाचं, टाचेला चीर गेलेलं. हिवराच्या झाडावरचा कॅमेराही गायब होता; तुटलेला पट्टा तेवढा लोंबत होता. तेवढ्यात वर माळावर जीप घरघरली.

शिवगंगानं रुबिनाला ओढत घळीत नेलं. घळ पुढं वळत होती. वळणापलीकडं गेलं की वरून कुणाला दिसलं नसतं. पण रुबिना वळणावरच थांबली.

"पुढं नाही. पलीकडं बीळ आहे. माणसाचा वास लागला तर लांडगीण पिल्लांना उचलून भलतीकडं नेईल."

"मॅडम, तुमच्या जिवावर बेतलंय!"

"हौ. पण मी नाही जाणार."

शिवगंगानं असं माणूस पाहिलं नव्हतं. राग यावा तर कौतुकच वाटत होतं. भांडायला वेळ नव्हता. जेवायला अंथरायची चादर तिनं पँटवरून लुगड्यासारखी गुंडाळली, रुबिनाची ओढणी डोक्यावरून घेतली आणि बाभळीची एक वाळकी फांदी उचलली.

रुबिनानं तिचं मनगट धरलं. "जाऊ नको."

आजवर ती 'तुम्ही' म्हणत आली होती. शिवगंगानं मनगट हळूच सोडवलं आणि वर चढली.

वर दोघं होते. एकाच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी.

"माजी पांढरी शेळी पायली का वो?" शिवगंगानं लांबूनच गळा काढला.

"ए बाई, कॅमेरेवाली दिसली का हितं?"

"ती पाकिटं गोळा करती ती? गेली की मगाशीच फटफटीवर सडकंकडं. संगं एक धिप्पाड बाई हुती, म्हशीवानी." आवाज चढवत ती जीपकडं निघाली. "माजी शेळी तुमीच टाकली न्हवं जीपीत?"

तिनं आत डोकं घातलं. सीटवर रुबिनाचा कॅमेरा पडला होता.

"चल, हो बाजूला!" एकानं तिला ढकललं. जीप धुरळा उडवत सडकेकडं गेली. शिवगंगा नंबर पुटपुटत टेकडी चढली, कारण फोनला रेंज फक्त तिथंच मिळे. तिनं वनखात्याला सगळं कळवलं. तासाभरात सडकेवर जीप अडवली. कॅमेरा आणि बंदूक दोन्ही आत सापडली.

चादर सोडून ती घळीत उतरली. रुबिना सोडली होती तिथंच बसलेली.

"शेळी सापडली?" तिनं विचारलं. हसायला गेली आणि रडूच लागली. शिवगंगा शेजारी बसली.

"ते दोन माद्यांचं," डोळे पुसून रुबिना म्हणाली, "सहज नव्हतं ना?"

"न्हाय."

"मलाही तसंच वाटलं." तिनं शिवगंगाचा हात हातात घेतला. वळणापलीकडून बारीक कुईकुई ऐकू आली, तशा दोघी श्वास रोखून बसल्या.

रुबिनानं कोर्टात साक्ष दिली. कामाची मुदत संपली, तरी पुढच्या सोमवारी शिवगंगा माळावर हजर. पुढं एजन्सी सोडून ती संस्थेतच लागली. आता दोघी नळदुर्गात भाड्यानं राहतात. शेजारीपाजारी मैत्रिणी म्हणतात, त्याही दुरुस्त करत नाहीत.

गेल्या महिन्यात रुद्रम्मा चार दिवस राहायला आली. येताना स्वतःचा तवा घेऊन आली. शिवगंगा दाराशी पाणी भरत होती, तिला आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"तुज्या घरचे काय म्हंत्यात?" रुद्रम्मा रुबिनाला विचारत होती.

"अम्मी बोलते. अब्बा बोलत नाहीत."

"हिचा बाप असता तर त्योबी बोलला नसता," रुद्रम्मा म्हणाली. भाकरी थापल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पीठ संपलं बग. अजून काढ."