कॅच म्हंजे गूळ न्हाय

"कॅच," धाकटा मालक ओट्यावरनं ओरडला आणि गुळाचा खडा माझ्या बायकोच्या अंगावर फेकला. बाकीच्या गड्यांना तो हातात द्यायचा. आम्हा दोघांना लांबनं. आम्ही बौद्ध. हौसानं पदर पसरून खडा झेलला. लोक हसले. मीही हसलो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कसबा बावड्याच्या शिवारातलं गुऱ्हाळ. मी रस आटवायच्या काहिलीखाली, चुलवाणात, उसाची वाळली चिपाडं सारायचो, हौसा ती वाहून आणायची. इंग्रजी आम्हाला कुठलं. वाटलं, सायबाच्या भाषेत गुळाला कॅच म्हणत असतील. हौसा वस्तीत कौतुकानं सांगायची, "आज मालकानं मोठा कॅच दिला की."

थोरली लेक सातवीत. तिनं ऐकलं. म्हणाली, "आये, कॅच म्हंजे गूळ न्हाय. झेल, पकड. बाईंनी सांगितलंय, लई जुन्या काळी त्या शब्दाचा अर्थ शिकारीमागं धावणं असा व्हता."

हौसा म्हणाली, "म्हंजे इतकं दिस त्यो कुत्र्यागत टाकत व्हता, आन् मी हात जोडत व्हते."

दुसऱ्या दिवशी कॅच आला. हौसानं पदर पसरला नाही. हात पाठीमागं. खडा मातीत पडला.

"उचल."

"हातात द्या. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

तो खाली उतरला. गूळ निववायच्या वाफ्यातला कढत गूळ उलथन्यावर घेतला. "घे की हातात," म्हणत तिच्या तळव्यावर थापला. गुळाबरोबर कातडी सोलून आली. मी त्याची मान धरली आणि डोकं काहिलीच्या काठावर आपटलं. रक्त आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग चौघांनी मला उसाच्या बुडक्यांनी हाणलं. माझे पुढचे दात तिथंच पडले.

हौसाची ती मूठ पुन्हा कधी मिटली नाही. भाकरी थापायची ती डाव्या हातानं. गेल्या महिन्यात ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, आमच्यातल्या शोकसभेला, धाकटा मालक आला. आता केस पांढरे, मागं चार माणसं. म्हणाला, "म्हातारबा, झालं गेलं इसरा."

मी म्हटलं, "उठा. भाईर व्हा."

लोक म्हणाले, दारात आलेल्याला असं बोलू नये. मी बोलणार. हौसाला कुणी भाजलं, हे त्याच्याच गल्लीत, त्याचं नाव घेऊन, भर दिवसा सांगणार. छातीत दम असेतोवर. माफी द्यायची तर तिनं द्यायची. तिनं दिली नाही. मीही देणार नाही.