हवेवर

बुधवारी दुपारी मी काचेची भांडी धुऊन पालथी घालत होते, तेव्हा ती मुलगी एक फॉर्म घेऊन आली. विज्ञान शाखा सोडून कला शाखेला जाण्याचा फॉर्म होता. ग्रंथालयाची सही झाली होती, वसतिगृहाची झाली होती, वडिलांचीही होती. फक्त प्रयोगशाळेची राहिली होती, म्हणजे माझी.

वीस वर्षं मी आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वस्तू देणं, परत घेणं आणि दोन्ही लिहून ठेवणं हे माझं काम. घरीही तेच चालतं. किराण्याची यादी, औषधांची यादी, कुणाला काय सांगायचं राहिलं त्याची यादी. नवरा म्हणतो, याद्यांचीही एक यादी असेल हिच्याकडे. आहे.

मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे एक भिंग बाकी होतं.

"भिंग कुठं हाये?"

"घरी राह्यलं ताई. तांड्यावर."

"भिंग आल्याबिगर सही होत नाई."

"शनिवारी जातो, सोमवारी आणतो. तुम्ही सही तं करून द्या ना. म्या काय भिंग घेऊन पळून राह्यली का?"

"पळणारे असं सांगून पळत नाईत," मी म्हटलं. ती हसली, पण लगेच तोंड वळवलं. डोळे भरून आले होते.

तिचा तांडा फुलसावंगीच्या पुढे आहे. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असं तीन भाषांत वाढलेलं पोर. बारावीपर्यंत विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत होती, पण तिथले सर वाचायचे इंग्रजीत आणि समजवायचे मराठीत. इथे आमचे वनस्पतिशास्त्राचे सर तास सगळा इंग्रजीत घेतात. माणूस वाईट नाही. स्वतः राळेगावकडच्या खेड्यातले आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की पुढे एमएस्सीला कुणी मराठीत शिकवणार नाही, सवय आत्ताच होऊ दे. त्यात नव्या अभ्यासक्रमात विज्ञानाच्या मुलांनाही कला शाखेचा एक विषय घ्यावा लागतो. या मुलीला चित्रकलेचा इतिहास मिळाला होता. त्या मॅडमही इंग्रजीतच शिकवतात.

"भिंग घरी कायले नेलतं?" मी विचारलं.

"कपाशीच्या फुलात पाहत होतो. पह्यल्या दिवशी फूल पिवळट असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. आत काय होते ते पाह्यचं होतं."

आता हे बोलणारी मुलगी विज्ञान सोडायला निघालेली. मला हिशेब लागेना. "मंग काहून चालली?"

तिनं पिशवीतून पेपर काढला. सरांनी ऐकण्याची चाचणी घेतली होती. पंधरा मिनिटं व्याख्यान द्यायचं आणि मुलांनी मग त्यात काय सांगितलं ते लिहायचं. वीसपैकी तीन गुण. एका वाक्याभोवती लाल गोल होता, शेजारी लिहिलं होतं, 'अगदी उलट!' तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की कपाशीचे परागकण वाऱ्यावर उडून जातात.

"आठ गुणांच्या खाली ज्यांना पडले, त्यांची परत पुढच्या गुरुवारी हाये. फारम द्यायची शेवटची तारीख त्याच्यानंतर दोन दिवसानं. बा म्हणते, समजत नसन तं उगाच कायले बसतं तिथं? सही करून देल्ली त्यानं."

"कपाशीचे परागकण वाऱ्यावर जातात असं तुले वाटते?"

"नाई व ताई! बोटाले चिकटतात ते. निरे चिकट. माशीच्या पायाले लागलेले म्या पाह्यले भिंगातून."

"मंग लिव्हलं कायले?"

"सर म्हणत होते ना. इंग्रजीत म्हणत होते."

पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं धरलं, कारण ऐकलेलं इंग्रजीत होतं. मी तिच्या दोन्ही वह्या मागून घेतल्या. दया वगैरे नव्हती त्यात. एखादी परीक्षानळी तडकली की ती कुठून तडकली हे मी पाहते, तशी ही चूक कुठून आली ते मला पाहायचं होतं.

वह्या मराठी अक्षरांत होत्या. कानावर पडेल ते ती तसंच उतरवून घेत होती. 'पोलन', 'स्टिग्मा', 'विंड', 'इन्सेक्ट' सगळं बरोबर. मोठे शब्द तिला येत होते, आणि मलाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या मीच लावते. वर्गाची आणि प्रयोगशाळेची भिंत म्हणजे एक फळ्यांचं पार्टिशन आहे, वर जाळी. वीस वर्षं सगळी व्याख्यानं माझ्या कानांवरून गेली आहेत. आपल्याला समजतं असा माझाही समज होता.

मी दोन कोरे कागद घेतले. एकावर वनस्पतिशास्त्राच्या वहीतले शब्द, दुसऱ्यावर चित्रकलेच्या. जे आम्हा दोघींना माहीत होते ते खोडत गेलो. दुसऱ्या दिवशीचा, गुरुवारचा, मधल्या सुटीचा वेळ त्यात गेला. माझा डबा तसाच राहिला, तिनं तिच्यातली अर्धी भाकर मला दिली. शेवटी दोन्ही कागदांवर थोडेच शब्द उरले, आणि त्यातला एक दोन्हीकडे होता. 'हवेवर.' वनस्पतिशास्त्रात नऊ वेळा, चित्रकलेत चार वेळा.

"हे काय व?"

"हवेवर. वाऱ्यावर. सर सांगत होते, ज्वारी, मका, गवत यांचे परागकण विंडनं जातात. विंड म्हणजे वारा. मंग म्हणाले, हवेवर कॉटन पोलन."

"सर मधातच मराठीत कायले बोलतीन?"

"मले वाटलं, पोरायले समजावं म्हणून एक शब्द मराठीत टाकतात."

"अन् चित्रकलेत?"

तिनं वही पुढे ओढली. "हे पाहा. चित्रात झाडं लय, माणसं लय. हवेवर सावली नाई." जरा थांबून म्हणाली, "मले ते पटलं बी होतं ताई. हवेवर कुठं सावली पडते?"

मी हसू दाबलं, पण तिला ते दिसलं आणि मग दोघीही हसलो. तरी प्रश्न होता तिथेच होता. परागकण हवेवर असतीलही. चित्रकलेच्या तासाला तीच हवा कशी? एकच वस्तू दोन कपाटांच्या यादीत आली, की एक नोंद चुकलेली असते. इथे बहुधा दोन्ही चुकल्या होत्या.

मी काम वाटून दिलं. शुक्रवारी तिनं मॅडमच्या तासाला दुसरं काही उतरवून घ्यायचं नाही. फक्त तो शब्द आला की मॅडम त्याआधी काय करत होत्या आणि नंतर काय केलं ते पाहायचं. मी पार्टिशनच्या फटीतून सरांकडे पाहणार.

शुक्रवारी त्याच वेळी सर दुसऱ्या तुकडीला गवताच्या फुलांबद्दल सांगत होते. मी पेन्सिल घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा मला माझीच लाज वाटली. हा शब्द मी वीस वर्षं ऐकत होते. कुणी बोलताना 'काय म्हणतात ते' म्हणतं, तसं सरांचं काहीतरी पालुपद असेल म्हणून सोडून दिला होता. आता पाहिलं, तर प्रत्येक वेळी सर खडू खाली ठेवत, हात उताणा करत, आणि फळ्याची दुसरी बाजू धरत. मी दर वेळी कागदावर एक काडी मारत गेले. अकरा झाल्या.

तास सुटला तशी ती जिन्यावरून धावतच आली. चपला बाहेर काढायच्या असतात हेही विसरली.

"ताई! हे तं 'पन' हाये!"

"काय?"

"पन! मॅडमनं एक चित्र दाखवलं, लय तारीफ केली. मंग म्हणाल्या हवेवर, अन् दुसरं दाखवून मान हालवली. तीनदा तसंच झालं. एक सांगते, हवेवर म्हणते, अन् उलटं सांगते. पन हाये ते ताई, आपलं पन!"

कपाटावरचा जुना शब्दकोश काढला. स्पेलिंग माहीत नसल्यानं वेळ लागला, पण सापडला. हाऊएव्हर. पण, परंतु, तथापि.

ती स्टुलावर बसली. बोटानं हवेत वाक्य जुळवत होती. ज्वारी, मका, गवत वाऱ्यावर. पण कपाशीचे परागकण जड, चिकट. "म्हणजे सर माझंच सांगत होते," ती म्हणाली. "मले जे दिसलं तेच."

तिनं पेन घेतलं आणि समोर जो कागद पडला होता त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: हवेवर = पण. त्याखाली आम्ही आणखी लिहीत गेलो. मोठे शब्द एकही नाही, फक्त बारके, वाक्य फिरवणारे. 'अनलेस' म्हणजे नाही तोवर. 'हार्डली'ला ती जोरात समजत होती, निघालं जेमतेम. 'हॅज बीन ग्रोइंग'पाशी आम्ही अडलो. मी व्याकरणाचं मराठी करत बसले, तर ती म्हणाली, "वाढूनच राह्यलं हाये." झालं. ज्या 'राह्यलं'वरून पुण्याकडची माणसं आम्हाला हसतात, ते इथे चपखल बसलं.

कागद टेबलावरच राहिला. संध्याकाळी सर किल्ली द्यायला आले आणि उभ्याउभ्या वाचू लागले.

"हवेवर बरोबर पण? हे काय आहे, बाई?"

मी सांगितलं. मुलीचं नाव न घेता सांगायचं ठरवलं होतं, पण कपाशीचे परागकण म्हटल्यावर त्यांना कळलंच. ते मोठ्यानं हसले, आणि मधेच थांबले.

"मी दिवसातून किती वेळा म्हणतो हो हा शब्द?"

"आज अकरा वेळा."

"मोजलं तुम्ही?"

"लिहून ठेवलंय."

ते खुर्चीवर बसले. "उलट लिहिलं म्हणून वर्गात वाचून दाखवलं मी तिचं. म्हटलं, तुमच्या तांड्यावरचा कापूस उडतो वाटतं." किल्ली टेबलावर ठेवली. "गुण बदलता येणार नाहीत. चाचणी गुरुवारी आहेच."

"बदला असं मी म्हटलंच नाही, सर."

सोमवारी भिंग आलं, फडक्यात गुंडाळलेलं, काच पुसलेली. मी रजिस्टरमध्ये 'परत' लिहिलं. आता सही अडवायला माझ्याकडे कारण नव्हतं. कारण नसताना अडवणं मला जमत नाही.

"आण तो फॉर्म."

"गुरुवारलोक राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याजवळच हाये तो."

मी शोधला. शुक्रवारपासून टेबलावर पडलेला, पाठीवर आमची यादी असलेला कागद म्हणजे तोच फॉर्म होता. पुढे तिच्या वडिलांची सही, मागे हवेवर बरोबर पण. वीस वर्षांत माझ्या टेबलावर कुठल्या कागदाचं असं झालं नव्हतं.

गुरुवारी चाचणीसाठी सरांनी मुद्दाम अभ्यासाबाहेरचं, वाळवीवर व्याख्यान दिलं. मी फटीशी उभी होते. इंग्रजीच होतं, वेगही तोच, पण हाऊएव्हर म्हटल्यावर ते पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबत होते. शुक्रवारी गुण लागले. वीसपैकी अकरा. एक 'अनलेस' हुकला होता आणि वारुळाच्या आतलं सगळं गाळलं होतं. ती खूश की नाराज हे तिचं तिलाच कळेना.

"बाले फोन लाव," मी म्हटलं. फॉर्म द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. लपवाछपवीचं काम मला चालत नाही.

तिनं तिथेच लावला. बोलणं गोरबोलीत. मी परीक्षानळ्या पुसत ऐकत होते. मला फारम कळलं, ताई कळलं, इंग्रजी, सर, वाळवी, अकरा कळलं. मोठे शब्द सगळे कळले. तिचा आवाज कधी चढत होता, कधी पडत होता, पलीकडून वडील लांबलचक काही सांगत होते, आणि ती राहते आहे की जाते आहे, हे मला काही केल्या कळेना. कुठे वाक्य फिरतंय ते पकडायला मी तिच्या हाताकडे पाहत राहिले. हात फोन धरण्यात गुंतलेले.

फोन ठेवला तेव्हा मी पुसलेलीच नळी पुन्हा पुसत होते.

"त्यात पन कुठं आलं व?"

ती हसायलाच लागली. "दोनदा आलं ताई. पह्यलं माझं. म्हटलं, सगळं समजत नाई, पन अर्धं समजून राह्यलं."

"अन् दुसरं?"

"बाचं. म्हणे, वावरात हात कमी पडून राह्यले, माय बी एकटी हाये, तू आली असती तं बरं झालं असतं. लय वेळ तेच सांगितलं त्यानं." तिनं टेबलावरचं भिंग उचललं आणि फडक्यात गुंडाळायला लागली. "मंग म्हणे, पन अर्धं समजलं तं बाकीचं अर्धं तिथंच सोडून कायले येतं?"

मी रजिस्टर पुढे ओढलं. भिंग न्यायचं तर नोंद करावी लागते.