खाणीकडचं दार

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी डिचोलीकडच्या एका गावात, पंचायतीच्या निराधार घरात कामाला होते. घर कसलं, जुन्या गोदामाच्या दोन खोल्या. मागच्या दारातून एक पायवाट निघायची ती थेट सोडून दिलेल्या खाणीच्या खड्ड्यापर्यंत. त्यात तांबडं पाणी साचलेलं. किती खोल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिथल्या म्हाताऱ्यांत एक आजोबा होते. जन्मभर खाणीत राबलेले, आता काही आठवत नसलेले. दुपारी पलीकडच्या चालू खाणीचा भोंगा वाजला की ते उठायचे. "कामाची पाळी चुकतली माझी," म्हणत वाटेला लागायचे. माझ्या जोडीची दोडामार्गची बाई त्यांच्याबरोबर थोडं चालायची आणि म्हणायची, "आजोबा, आज सुट्टी आसा." ते लगेच वळायचे.

पंचायतीने त्या बाईला कामावरून काढलं. मी सरपंचांकडे गेले.

"आता राज्य झालां, बाय," ते म्हणाले. "रस्तो, सभागृह, सगळां करूचां आसा. मूठभर म्हाताऱ्यांक दोन बायका कित्याक?"

"त्या दारावर सतत कुणीतरी लागतं."

"मगे तू आसस मा?"

त्यानंतर भोंग्याची वेळ जवळ आली की पेज ढवळतानाही मी मागे वळून बघायची.

एके दिवशी विहिरीवरून बाल्दी भरून आले, तर तिथलीच अंथरुणाला खिळलेली एक मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गेलो तो! कवाधरना आराडतंय मी."

बाहेर खनिजाचे ट्रक धडधडत होते. तिची हाक मला ऐकूच आली नव्हती. मी धावत सुटले. आजोबा छातीभर पाण्यात उभे होते आणि हळूहळू पुढे सरकत होते. मी ओरडले, "सुट्टी आसा आज!" ते थांबले, पण वळले नाहीत. बेळगावकडचे दोन मजूर माझी ओरड ऐकून आले. त्यांनीच त्यांना ओढून काढलं.

पंचायतीची बैठक झाली. आता बाई परत येईल असं मला वाटलं होतं. आला तो लोहार. त्याने मागच्या दाराला लोखंडी पट्टी ठोकली, कुलूप घातलं आणि चावी सरपंचांकडे द्यायला खिशात टाकली.

"आणि आग लागली तर?" मावशीने विचारलं. लोहार हत्यारं उचलून निघाला.

आजोबा भोंगा वाजला की ते दार ठोठावायचे. आधी तळव्याने, मग मुठीने. मी हात धरला, सुट्टी आहे म्हटलं, तरी त्यांना पटेना. वाटेवर चार पावलं टाकल्याशिवाय त्यांना ते खरं वाटतच नव्हतं. पुढे ते नुसतेच दाराला कपाळ टेकून उभे राहू लागले. मग उठेनासे झाले. जेवणही सुटलं. पावसाच्या आधी, भर दुपारी, ते अंथरुणातच गेले.

सरपंच आले, हात जोडून उभे राहिले. जाताना दाराची पट्टी हलवून बघत म्हणाले, "बघ बाय, कुलूप घातल्यापासून काय एक तरी वायट घडलां?"

मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर भोंगा वाजत होता.